मालक गेला, माल राहिला

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील मिंडेन या छोट्या शहराचे नाव १५ ऑक्टोबर २०१२ पूर्वी त्या परिसराबाहेर फारसे कुणी ऐकलेले नव्हते. त्या रात्री शहराजवळच्या 'कॅम्प मिंडेन' या जुन्या लष्करी आवारात एका कोठाराचा स्फोट झाला. कोठारात सुमारे ५६ टन दारू होती आणि शेजारी उभ्या असलेल्या ट्रेलरमध्ये आणखी १९ टन. चार मैलांच्या परिघातील घरांच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. धुराचा स्तंभ सात हजार फूट उंच गेला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. त्यामुळे पंचनामा, चौकशी आणि अहवाल या नेहमीच्या वाटेने प्रकरण फायलीत जाऊन पडले असते. परंतु राज्य पोलिसांनी सारे आवार तपासावयास घेतले, आणि उडालेले कोठार हा मूळ संकटाचा एक लहानसा अंश होता, हे तेव्हा ध्यानात आले.

आवारात ठिकठिकाणी तोफेची दारू पडली होती. कोठारांत होती, इमारतींत होती, उघड्यावर खोक्यांच्या आणि पिंपांच्या थप्प्यांतही होती. काही खोकी फुटून दारू जमिनीवर सांडली होती. आरंभीचा अंदाज साडेचारशे टनांचा होता. मोजणी पुढे गेली तसा तो सत्तावीसशे टनांवर गेला आणि अखेरीस सात हजार टनांच्या घरात स्थिरावला. शेजारच्या डॉयलिन गावातील रहिवाशांना घरे सोडण्यास सांगण्यात आले. आठवडाभर गाव ओस पडले आणि तेवढ्या अवधीत शक्य तेवढा माल मातीने आच्छादलेल्या कोठारांत हलविण्यात आला. गावकरी परतले, पण सात हजार टन दारू जेथल्या तेथे होती. तिचे काय करावयाचे, कुणी करावयाचे आणि कुणाच्या पैशाने, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळावयास पुढे साडेचार वर्षे लागली.

ही कथा दूरदेशीची असली तरी तिचा अर्थ दूरचा नाही. कारखाना उभा राहतो तेव्हा त्याला मालक असतो, भांडवल असते, कोनशिला आणि कोनशिलेवर नाव असते. तो बंद पडतो तेव्हा नाव पुसले जाते, भांडवल निघून जाते आणि आवारात उरलेली पिंपे मात्र गावाच्या वाट्याला येतात. त्यांची विल्हेवाट ज्या दिवशी अपरिहार्य होते, त्या दिवशी तिला 'आणीबाणीची कारवाई' असे नाव मिळते. वस्तुत: ती आणीबाणी एका दिवसात आलेली नसते, वर्षानुवर्षे ती कार्यालयांच्या कपाटांत वाढत असते.

कागदावर विकलेली दारू

कॅम्प मिंडेन हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेला दारूगोळ्याचा कारखाना. लष्कराने तो बंद केल्यावर जमीन राज्याच्या राष्ट्रीय रक्षक दलाकडे आली आणि तेथील इमारती खाजगी कंपन्यांना भाड्याने देण्यात येऊ लागल्या. 'एक्स्प्लो सिस्टिम्स' ही त्यांपैकीच एक. २०१० साली अमेरिकी लष्कराने तिला सुमारे २९ लाख डॉलरचे कंत्राट दिले. १५५ मिलिमीटर तोफांतून गोळा फेकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या दारूच्या पिशव्या तिने सोडवावयाच्या, आतील 'एम-६' नावाची दारू वेगळी करावयाची आणि ती खाणकामाच्या स्फोटकांसाठी विकावयाची, अशी योजना होती. लष्कराच्या डोक्यावरचे ओझे उतरणार होते, कंपनीला कंत्राटाचे पैसे मिळून वर मालही विकता येणार होता. कागदावर यासारखा शहाणपणाचा व्यवहार दुसरा नव्हता.

अडचण एवढीच झाली की, दारू विकली गेली नाही. येणारा माल मात्र येत राहिला. कंत्राटाप्रमाणे पैसे मिळवावयाचे तर माल विकला गेल्याचे, तो वापरणाऱ्याच्या हाती पोचल्याचे दाखले हवे होते. ते दाखले खोटे तयार करण्यात आले, असा आरोप पुढे कंपनीच्या मालक-अधिकाऱ्यांवर केंद्रीय न्यायालयात ठेवण्यात आला. त्यांपैकी बहुतेकांनी गुन्हा कबूल केला आणि काहींना तुरुंगवास झाला. दफ्तरात दारू विकली गेली होती आणि झाडीत ती पडून होती. दाखला आला की माल गेला, असे मानणारी कार्यालये केवळ अमेरिकेतच आहेत असे नव्हे. दाखल्यावरची सही तपासणारे पुष्कळ असतात. गोदामाचे कुलूप उघडून पाहणारा त्यांच्यात क्वचितच एखादा निघतो.

२०१३ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि तिचा संबंध संपला. दिवाळखोरीच्या कारवाईत जमिनीला भाव असतो, यंत्रांना असतो, भंगारालाही असतो. पिंपातील विषाला आणि कोठारातील दारूला जो भाव असतो तो उणे असतो. ती घेणाऱ्याला पैसे मोजावे लागत नाहीत, उलट घेण्याबद्दल त्याला पैसे द्यावे लागतात. म्हणून लिलावाच्या दिवशी बाकी साऱ्या वस्तूंना गिऱ्हाईक मिळते आणि हीच तेवढी बेवारस ठरते. घातक पदार्थांच्या बाबतीत 'बाजार आपोआप मार्ग काढील' हा भरवसा नेमका येथेच फसतो. उणे किमतीची वस्तू सोडून पळून जाण्यात फायदा असतो, आणि ज्या गोष्टीत फायदा आहे ती कुणीतरी करणारच, हे गृहीत धरूनच कायदा लिहावा लागतो.

विलंबाचे रसायन

बेवारस वस्तू पडून राहते, एवढ्यावर भागले असते तर प्रश्न केवळ नासधुशीचा होता. परंतु स्फोटके निवांत पडून राहत नाहीत. 'एम-६' दारूचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज हा आहे. त्याचे सामान्य तापमानालाही हळूहळू विघटन होत असते. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि हीच ऑक्साइडे पुढच्या विघटनाला वेग देतात. ही साखळी आटोक्यात राहावी म्हणून दारूत डायफेनिलअमाइन नावाचा स्थिरक सुमारे एक टक्का मिसळतात. तो ही ऑक्साइडे शोषून घेतो. मात्र हे काम करता करता तो स्वत: संपत जातो. तो संपला की उष्णता आत साठत जाते आणि ठिणगीवाचून, कुणाचा हात न लागता, दारू पेट घेऊ शकते. म्हणूनच शिस्तीच्या दारूगोळा-भांडारात ठरावीक काळाने नमुने काढून स्थिरक किती उरला आहे हे तपासतात. उघड्यावर, उन्हापावसात, नोंदींवाचून पडलेल्या मालाच्या बाबतीत हे मोजमाप कुणी करावयाचे?

येथे विलंबाचा अर्थ बदलतो. इतर प्रकरणांत फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास सहा महिने लागले तर फार तर गैरसोय होते. येथे त्या सहा महिन्यांत वात तेवढी आखूड होत असते. निर्णय न घेणे हा देखील एक निर्णयच असतो आणि तो स्फोटाच्या बाजूने घेतलेला असतो.

तरीही मिंडेन येथे वाद चालूच राहिला. माल कंपनीच्या मालकीचा झाला होता, तेव्हा आपली जबाबदारी संपली, अशी लष्कराची भूमिका होती. दारू आम्ही आणली नाही, आमच्या जागेत ती सोडून देण्यात आली, असे राज्याचे म्हणणे होते. केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्था दोघांच्या मध्ये उभी होती. अमेरिकेत अशा बेवारस स्थळांसाठी १९८० साली 'सुपरफंड' नावाचा कायदा झालेला आहे. न्यूयॉर्क राज्यातील 'लव्ह कॅनॉल' या वसाहतीखाली गाडलेली रसायने १९७८ साली घरांच्या तळघरांतून वर आल्यावर जो हलकल्लोळ झाला, त्यातून तो कायदा आला. ज्याने घाण केली त्याने ती काढावी आणि तो सापडत नसेल तर आधी सफाई व्हावी, वसुली मागाहून, हे त्याचे सूत्र. असा कायदा हाताशी असताही तिन्ही पक्षांत समझोता व्हावयास २०१४ चा ऑक्टोबर उजाडला. ज्या देशात कायदा आहे, निधी आहे आणि तज्ज्ञही आहेत तेथे ही गत. जेथे यांपैकी एखादेच आहे तेथे काय होत असेल, याची कल्पना करावी.

गावाने विचारलेला प्रश्न

समझोत्यातील उपाय साधा होता. दारू उघड्यावर तबकांत पसरावयाची आणि जाळावयाची. दारूगोळा नष्ट करण्याची ही जुनी, स्वस्त आणि लवकर उरकणारी रीत. परंतु 'एम-६' मध्ये नायट्रोसेल्युलोजच्या जोडीला सुमारे दहा टक्के डायनायट्रोटोल्युइन असते आणि ते कर्करोगाला कारण होऊ शकते अशी शास्त्रज्ञांची धारणा आहे. सात हजार टन दारू महिनोन् महिने उघड्यावर जाळली तर तिचा धूर कुणाच्या छातीत जाणार, हा प्रश्न गावकऱ्यांनी विचारला. त्यांना शास्त्राची भाषा पुरविली ती शेजारच्या श्रीव्हपोर्ट शहरातील विद्यापीठात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या एका प्राध्यापकाने. सभा भरल्या, पत्रके निघाली, लोकप्रतिनिधींना जाब विचारला गेला. अधिकाऱ्यांपुढे पेच खरा होता. विलंब करावा तर दारू आपोआप पेटण्याचा धोका, घाई करावी तर विषारी धुराचा.

हा पेच सुटला तो कुणी हट्टाला पेटल्यामुळे नव्हे. नागरिक, शास्त्रज्ञ आणि अधिकारी यांची एक समिती २०१५ च्या आरंभी बसली. तिने उपलब्ध तंत्रांचा तौलनिक विचार केला आणि उघड्यावरचे ज्वलन बाजूला ठेवून बंदिस्त भट्टीचा मार्ग पुढे आला. या भट्टीत दारू थोड्या थोड्या प्रमाणात जाळतात आणि निघणारा वायू शुद्धीकरणाच्या यंत्रणेतून गेल्यावरच बाहेर सोडतात. एप्रिल २०१६ मध्ये काम सुरू झाले आणि एप्रिल २०१७ मध्ये सुमारे ७,१०० टन दारू व १४५ टन प्रज्वलक नष्ट होऊन ते संपले. पैसा अखेर केंद्रीय खजिन्यातून, म्हणजे करदात्यांच्या खिशातून आला. लष्कराने २९ लाख डॉलरमध्ये उरकू पाहिलेले काम त्याच्या अनेक पटींनी महाग पडले.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. लोकांनी विरोध केला म्हणून काम थांबले नाही, ते अधिक चांगल्या रीतीने झाले. हा विरोध 'आमच्या गावात नको' एवढ्यावर संपणारा नव्हता. 'अशा रीतीने नको, अशा रीतीने करा' हे सांगण्याइतका अभ्यास त्यामागे होता. जाणकार शिक्षक आणि ऐकून घेणारे अधिकारी एकाच टेबलाशी बसले तर आणीबाणीतही शहाणपणाला जागा उरते, हे मिंडेनने दाखविले.

भोपाळचे ३३७ टन

याच्या शेजारी भोपाळ ठेवून पाहावे लागते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. ती रात्र देशाच्या स्मरणात आहे. परंतु त्या रात्रीनंतर त्याच आवारात काय पडून राहिले, याची आठवण फार थोड्यांना होती. कारखाना चालू असल्यापासूनच आवारात आणि बाष्पीभवनाच्या तलावांत कचरा टाकला जात होता. कारखाना बंद झाला; १९८९ साली ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली; १९९८ साली जमीन राज्य सरकारकडे परत आली. मालक गेला आणि माल राहिला. कीटकनाशकाचे अवशेष, नॅफ्थॉलचे अवशेष, अर्धवट तयार रसायने आणि विषारी माती, असा तो माल होता.

२००४ साली प्रकरण मध्य प्रदेश उच्च न्यायालयात गेले. २००५ मध्ये वर वर दिसणारा कचरा गोळा करून एका शेडमध्ये ठेवण्यात आला. मग तो कुठे जाळावयाचा, याचा शोध सुरू झाला. गुजरातेतील अंकलेश्वरचे नाव निघाले. गुजरातने नकार दिला. त्यानंतर नागपूरजवळच्या बोरखेडी येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचे नाव निघाले आणि २०११ मध्ये न्यायालयाने तसा आदेशही दिला. महाराष्ट्राने विरोध केला आणि नागपूरकरांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. जर्मनीत नेण्याची योजना झाली, तीही फिसकटली. प्रत्येक नकारामागे भीती होती आणि ती खोटी नव्हती. पण मिंडेनच्या नकारात पर्यायाचा आग्रह होता, तो येथे कुणीच धरला नाही. 'येथे नको' म्हणणाऱ्या प्रत्येक राज्याने तो कचरा भोपाळच्या झोपडपट्टीशेजारीच ठेवण्याच्या बाजूने मत दिले होते, मग ते त्याला ठाऊक असो वा नसो.

डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत घातली, तेव्हा कुठे चक्रे फिरली. १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ बंद वाहनांतून ३३७ टन कचरा सुमारे अडीचशे किलोमीटरवरील पीथमपूरकडे निघाला. पीथमपूरमध्ये त्याविरुद्ध उग्र निदर्शने झाली, दोघांनी स्वत:ला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी चाचण्या झाल्या आणि २०२५ च्या जूनअखेर सारा कचरा जळाला. उरलेली राख आणि अवशेष आठशे टनांहून अधिक भरले, कारण ज्वलनात चुना व इतर द्रव्ये मिसळावी लागतात; त्या राखेचे काय करावयाचे हा वादही न्यायालयात गेला. आणि कारखान्याभोवतीची दूषित माती व भूजल यांना या साऱ्या खटाटोपाचा स्पर्शही झालेला नाही. शेडमधला कचरा हलविण्यासच चाळीस वर्षे लागली असतील, तर जमिनीत मुरलेल्या विषाचा हिशेब कोणत्या कालगणनेने करावयाचा?

पत्रे लिहिली गेली होती

अशा प्रकरणांत 'कुणालाच कल्पना नव्हती' असे नंतर सांगितले जाते. ते सहसा खरे नसते. २०१३ मध्ये 'रोसस' नावाचे एक जुनाट जहाज २,७५० टन अमोनियम नायट्रेट घेऊन लेबाननच्या बैरुत बंदरात आले आणि तेथेच अडकले. मालकाने जहाज सोडून दिले, माल २०१४ साली बंदरातील १२ क्रमांकाच्या गोदामात उतरवून ठेवण्यात आला. पुढील काही वर्षांत सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी हा माल हलविण्याची परवानगी मागणारी पत्रे न्यायाधीशांना पुन: पुन्हा लिहिली. पत्रे गेली, माल तेथेच राहिला. ४ ऑगस्ट २०२० रोजी त्याचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे मेली, हजारो जखमी झाली आणि सुमारे तीन लाख लोक बेघर झाले.

कार्यालयात काम केलेल्या कुणालाही या कथेतील पत्र लिहिणारा माणूस ओळखीचा वाटेल. त्याने आपले काम केले. आवक-जावक नोंदवहीत क्रमांक पडला, प्रत फायलीला लागली. पण पत्र गेले म्हणजे जबाबदारी गेली, अशी समजूत करून घेणारी व्यवस्था त्या नोंदवहीच्या भोवती उभी होती. त्या मालाची चावी ज्याच्या हाती आणि निर्णयाचा अधिकारही ज्याच्याच हाती, असा एक माणूस बैरुतमध्ये नव्हता.

बैरुतच्या धुरळ्यात भारतालाही आपल्या एका गोदामाची आठवण झाली. चेन्नईजवळ मनली येथे २०१५ साली जप्त केलेले सुमारे सातशे टन अमोनियम नायट्रेट ३७ कंटेनरांत भरून ठेवलेले होते. पाच वर्षे ते तेथे होते. बैरुतनंतर त्याचा लिलाव, वाहतूक, हैदराबादकडे रवानगी हे सारे त्याच ऑगस्ट महिन्यात उरकले. एवढ्या लवकर जे होऊ शकत होते, ते पाच वर्षे का झाले नाही? दुसऱ्याच्या घरी आग लागावी आणि तिच्या उजेडात आपल्याला आपले घर दिसावे, असाच हा प्रकार आहे. बैल गेल्यावर झोपा करण्याची म्हण आपल्याकडे जुनी आहे. येथे शेजाऱ्याचा बैल गेला म्हणून आपला वाचला, एवढेच.

अनामत आधी, परवाना नंतर

या तिन्ही ठिकाणांचा धडा एकच आहे. घातक माल बेवारस झाल्यावर त्याची सफाई कशी करावी, हे शास्त्र आज पुष्कळ प्रगत झाले आहे. माणसे दूर नेणे, मालाची मोजदाद करणे, नमुने तपासून ओळख पटविणे, एकमेकांशी न पटणारी द्रव्ये अलग करणे आणि मग एकेकाची विल्हेवाट लावणे, हा क्रम जगभर रूढ आहे. कमतरता आहे ती आधीच्या तरतुदीची. माल बेवारस होऊच नये याची व्यवस्था परवाना देतानाच झाली पाहिजे.

भारतात नियमांचा तुटवडा नाही. स्फोटकांचा कायदा १८८४ चा आहे आणि त्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय महाराष्ट्रातच, नागपूरला आहे. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८९ मध्ये घातक रसायनांच्या साठवणुकीचे नियम आले, १९९१ मध्ये अपघातग्रस्तांसाठी सक्तीच्या विम्याचा कायदा आला. जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियमही जाहीर झाले. दूषित करणारा सापडला तर खर्च त्याचा, न सापडल्यास केंद्र व राज्य यांचा, अशी तरतूद त्यांत आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु हे नियम स्थळ दूषित झाल्यावर हालतात. मालक हाती आहे, कारखाना नफ्यात आहे, बँक त्याच्या दारी उभी आहे, त्या काळात सफाईचा पैसा बाजूला काढून ठेवण्याची सक्ती त्यांत नाही.

ही कल्पना अव्यवहार्य आहे असे म्हणता येणार नाही, कारण आपण ती अन्यत्र स्वीकारलेली आहे. कोळशाच्या खाणीला ती बंद करण्याच्या खर्चासाठी दरवर्षी विशेष खात्यात रक्कम भरावी लागते. अणुवीजकेंद्र आयुष्य संपल्यावर मोडीत काढण्याच्या खर्चापोटी वीजग्राहकाकडून प्रत्येक युनिटमागे दोन पैसे घेतले जातात. भाड्याचे घर घेणाऱ्या कारकुनाकडूनही घरमालक अनामत रक्कम घेतोच. मग गावाची हवा, पाणी आणि माती वर्षानुवर्षे वापरावयास घेणाऱ्या रसायनांच्या कारखान्याकडून अनामत मागण्यात अन्याय कोणता?

लहान उद्योग या भाराने मोडतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो मोकळ्या मनाने विचारात घेण्याजोगा आहे. अनामत एकरकमी न घेता मालाच्या प्रमाणात, हप्त्याहप्त्याने घेता येईल; औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांना सामाईक निधी उभारता येईल; वेळच्या वेळी विल्हेवाट लावणाऱ्याला सूट देता येईल. पण भार कुणावर पडावा हा प्रश्न टाळता येत नाही. आज तो कुणावरच पडत नाही, असे भासते एवढेच. प्रत्यक्षात तो डोंबिवली, तारापूर, महाड, लोटे अशा औद्योगिक वसाहतींच्या कुंपणालगत राहणाऱ्या माणसांवर पडण्याची वाट पाहत असतो. जो उद्योग आपला कचरा हिशेबात धरल्यावर नफ्यात राहत नाही, तो मुळातच नफ्यात नव्हता. त्याचा तोटा इतके दिवस शेजारी भरत होते.

अनामतीच्या जोडीला आणखी तीन गोष्टी हव्यात. बंद पडलेल्या प्रत्येक रासायनिक व स्फोटकांच्या कारखान्यात काय शिल्लक आहे, याची जिल्हावार नोंद असावी आणि ती नागरिकांना पाहता यावी. कारखाना बंद झाल्याच्या दिवसापासून त्या मालाची जबाबदारी, चावी आणि खर्चाचा अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे असावा; त्याची बदली झाली तर पुढच्याने माल डोळ्यांनी पाहूनच ताबा घ्यावा. आणि विल्हेवाटीची रीत ठरविताना ज्या गावात ती लावावयाची त्या गावाशी आधी बोलावे. पीथमपूरला जे घडले ते टाळण्याचा मार्ग बंदोबस्त वाढविणे हा नव्हे. वाहने निघण्यापूर्वी काही महिने, कचऱ्यात काय आहे आणि धुरात काय असेल, हे लोकांच्या भाषेत त्यांना सांगणे हा आहे.

या विषयाचे एक लहान रूप अनेक शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेतही सापडते. तेथील मागच्या कपाटात, लेबल पुसट झालेली, कुणा निवृत्त शिक्षकाच्या काळातली एखादी बाटली असते. पिक्रिक आम्ल पाण्यात भिजलेले असेतो निरुपद्रवी भासते. बाटलीतील पाणी वर्षानुवर्षे उडून गेले की कोरडे स्फटिक धक्क्याने वा घर्षणानेही फुटू शकतात. २०१६ साली ब्रिटनमधील शेकडो शाळांत अशाच एका कोरड्या पडलेल्या रसायनासाठी बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकांना बोलवावे लागले होते. त्यांचा एक नियम साऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे: जुनी, कोरडी, अनोळखी बाटली हलवू नये, तिचे झाकण उघडू नये, जाणकाराला बोलवावे. पण त्याच्याही आधीचा नियम असा की, कपाटाची यादी दरवर्षी करावी आणि यादीखाली एका माणसाची सही असावी.

मिंडेनच्या झाडीतली दारू, भोपाळच्या शेडमधला कचरा, बैरुतच्या गोदामातली पोती आणि शाळेच्या कपाटातली बाटली यांच्यांत आकाराचा फरक आहे, प्रकाराचा नाही. चारही ठिकाणी वस्तू होती आणि तिला माणूस नव्हता. कायद्याने करावयाचे काम हेच आहे की, घातक वस्तू जोवर या पृथ्वीवर आहे तोवर तिच्या नावापुढे एका जबाबदार माणसाचे नाव आणि तिच्या विल्हेवाटीपुरती रक्कम लिहिलेली असावी. ती जागा कोरी राहिली की तेथे कालांतराने मृतांची यादी लिहावी लागते.